चिऱ्याची भिंत आणि तीन डबे

दापोली तालुक्यातलं आत्याचं घर. समुद्र दिसत नाही, पण भरतीला गाज ऐकू येते. पुढे ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, बाजूला देवघर आणि पूर्वीची बाळंतिणीची खोली, जिच्यात आता नारळ आणि जुनी वर्तमानपत्रं असतात. माजघरावर फळ्यांची माडी, वर मंगलोरी कौलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या, दीड फूट जाड. घरामागे सुपारीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे, घरापासून ५५ मीटरवर, वहिनीने पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या.

घरभर वायफाय पोचवण्याचं हे प्रकरण २०२४ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये निकाली निघालं. मी नेटवर्किंगच्या कामात आहे, पण ऑफिसांच्या. ऑफिसात भिंती प्लायवूडच्या असतात आणि वायर कुठून न्यायची हे घरातल्या मोठ्यांना विचारावं लागत नाही. त्यामुळे इथे मलाही बरंच नव्याने शिकावं लागलं.

घरातली माणसं आणि त्यांच्या गरजा अशा. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यातल्या कंपनीचं काम माडीवर बसून करतो. दिवसातून चार-पाच मीटिंगा, त्यातल्या दोन व्हिडिओच्या. आत्याला रात्री आठच्या सुमारास स्वयंपाक करता करता दुबईतल्या लेकीशी व्हिडिओ कॉल करायचा असतो, आणि तो स्वयंपाकघरातूनच, कारण “ओटीवर बसून बोलले तर पोळ्या कोण करील?” काकांना माजघरातल्या टीव्हीवर क्रिकेट. वहिनीला खोल्यांवर नेट हवं. पाहुणे खोली घेण्याआधी समुद्र किती लांब आहे हे विचारतात आणि दुसरा प्रश्न वायफायचा. पैसेही आता क्यूआरवर येतात आणि वाडीत मोबाइलची रेंज नसल्यातच जमा.

जोडणी गावातल्या केबलवाल्याकडून घेतलेली, फायबरची, २०० एमबीपीएसची. खांबावरून तार येऊन ओटीच्या दारावर, मीटरच्या शेजारी, त्याचा ओएनटी, म्हणजे फायबरमधलं नेट घरात देणारा डबा, खिळ्याला टांगलेला. तो तिथेच का? कारण तार तिथे पोचत होती. आपल्याकडे नव्वद टक्के घरांत राउटरची जागा खांबाची दिशा ठरवते, असं मला वाटतं. आकडा माझा अंदाजाचा आहे, पण ज्या घरात जातो तिथे आधी दाराची चौकट बघतो आणि बहुतेक वेळा डबा सापडतो.

मी जाण्याआधीचे दोन प्रयत्न

पहिला प्रयत्न रेंज एक्स्टेंडरचा, म्हणजे सिग्नल पकडून पुढे फेकणाऱ्या डब्याचा, १,८०० रुपयांचा. दादाने तो स्वयंपाकघरात लावला, कारण नेट तिथे येत नव्हतं. चूक इतकी स्वाभाविक आहे की दोष द्यायला जीभ वळत नाही. जिथे पाणी येत नाही तिथे पंप बसवून काय उपयोग? पंपाला आधी खेचायला पाणी लागतं. एक्स्टेंडरही जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी, म्हणजे वाटेत मध्ये ठेवायचा असतो. आठ दिवसांत तो फळीवर गेला.

दुसरा प्रयत्न मेशचा, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या डब्यांचा. तीन डब्यांचा संच, साधारण साडेदहा हजारांचा, वायफाय ५ (वायफायची पाचवी पिढी) वाला, प्रत्येक डब्याला वायर लावायचे दोन गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, पोर्ट. संच वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, कारण शेवटी तोच संच वापरला आणि नवा डबा एकही घेतला नाही. दादाने एक डबा ओटीवर ओएनटीशेजारी ठेवला, दुसरा स्वयंपाकघरात आणि तिसरा पाहुण्यांच्या पहिल्या खोलीच्या खिडकीत, वाडीकडे तोंड करून. मे महिन्यात हे सगळं कसंबसं चाललं. ७ जूनला मला फोन आला: “पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्याचा दिवा लाल झाला. स्वयंपाकघरात काड्या पूर्ण आहेत, पण आईचा कॉल अडकतो. नवा मोठा राउटर घेऊ का? आठ अँटेनावाला बघितलाय.”

म्हटलं, काही घेऊ नकोस, मी येतो.

मोजमाप

दोन दिवस मी फोन हातात घेऊन घरभर फिरलो. काकांना हे वास्तू बघायला आलेल्या माणसासारखं वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ७५ च्या खाली रडारड. दर ३ ने आकडा खाली गेला की ताकद निम्मी होते, दर १० ने एक दशांश. हे लक्षात ठेवलं की भिंतीची किंमत समजते. ओटीवरच्या डब्यासमोर, माजघराच्या उघड्या दाराच्या रेषेत उभं राहिलो तर फोनवर उणे ५६. तिथून दोन पावलं बाजूला, चिऱ्याच्या आड सरकलो की उणे ७१. अंतर तेच, फरक १५ चा, म्हणजे एका भिंतीने ताकदीचा तिसावा हिस्सा शिल्लक ठेवला. दार लावलं तर? सागवानी दार लावून-उघडून फरक दोन-तीनचा. लाकूड या लहरींना फारसं अडवत नाही. दगड, ओली माती, सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याने भरलेली टाकी हे अडवतात.

दुसरी मोजणी वेगाची. इथे एक सवय फार उपयोगी पडते, ती लावून घ्या. स्पीड टेस्ट एकदा करून भागत नाही; आधी घरातल्याच राउटरला पिंग लावून, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते, बघायचं, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरपर्यंतचं पिंगच हेलकावे खात असेल तर दुखणं घरात आहे, केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत ३-४ मिलिसेकंद स्थिर आणि पुढे गोंधळ, तर दुखणं बाहेर. माडीवर दादाच्या टेबलाशी राउटरचं पिंग ८ पासून ३०० पर्यंत उड्या मारत होतं. म्हणजे इतके दिवस त्याने केबलवाल्याशी जी भांडणं केली ती सगळी चुकीच्या माणसाशी.

तक्रार मात्र अगदीच खोटी नव्हती. ओटीवर, डब्याला अक्षरशः टेकून मोजलं तरी वेग ९४ च्या वर जाईना. २०० चे पैसे भरतोय आणि ९४. दादा म्हणाला, “बघ, हेच सांगत होतो, लुटतात.” पण ९४ हा आकडा मी ओळखतो. १०० एमबीपीएसच्या इथरनेट, म्हणजे वायरच्या, जोडणीतून वजावट होऊन हातात पडतो तो साधारण ९४. कुणी अर्धं नेट दिलं असतं तर आकडा ८८ निघाला असता, ११० निघाला असता. नेमका ९४ निघणार नाही. ओएनटी आणि पहिला डबा यांच्यामधली वायर काढली. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने टाकून दिलेल्या तुकड्यातून केलेली होती. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. हिच्यातली तपकिरी जोडी कनेक्टरमध्ये पोचलीच नव्हती. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपसात समजूत करून घेतली, १०० वर जुळवून घेतलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. कंपनीत तयार झालेली एक मीटरची चांगली वायर लावली, वेग १९६. खर्च दीडशे रुपये.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण खरं दुखणं अजून तसंच होतं.

काड्या पूर्ण, नेट नाही

स्वयंपाकघरातल्या डब्याशेजारी फोनवर उणे ४० होतं, सगळ्या काड्या. वेग १२. आत्याचा प्रश्न अगदी रास्त होता: “अरे, काड्या तर भरल्यात, मग अडकतं कुठे?”

फोनवरच्या काड्या फक्त फोन आणि जवळचा डबा यांच्यातला सिग्नल सांगतात. तो डबा पुढे मुख्य डब्याशी कसा बोलतोय, ते काड्यांत दिसत नाही. आणि या घरात त्या दोघांमध्ये दोन चिऱ्याच्या भिंती होत्या. या डब्यांचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे. ५ तिथे पोचतच नव्हतं, सगळी वाहतूक २.४ वर. २.४ चा पट्टा लांब पोचतो, पण अरुंद आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हे तीनच. वर दोन पट्ट्यांच्या साध्या मेशमध्ये डबा ज्या रेडिओवर फोनशी बोलतो त्यावरच मागच्या डब्याशी बोलतो. एकाच तोंडाने दोघांशी बोलायचं म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेग निम्म्यावर, कधी त्याहून खाली. तीन पट्ट्यांचे महाग संच मागच्या बोलण्यासाठी एक रेडिओ राखून ठेवतात. तो फरक मोठा असतो, पण तोही रेडिओच. चिऱ्यापुढे त्याचंही चालत नाही.

तिसऱ्या डब्याची गोष्ट वेगळी. वाडीत सुपारी दाट, केळी आणि मध्ये दोन जायफळं. मे महिन्यात कोरडी पानं, जूनमध्ये ओली. पाणी या लहरी शोषतं. लाल दिवा पावसाचा नव्हता, झावळ्यांचा होता.

आता आठ अँटेनांच्या राउटरबद्दल. असा कोळ्यासारखा दिसणारा डबा घेण्याचा मोह मला समजतो. पण वायफाय ही दोघांची बातचीत आहे. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, आणि त्यालाही कायद्याने मर्यादा आहे, तरी फोनला उत्तर स्वतःच्या बारीक आवाजातच द्यावं लागतं. ते उत्तर दोन भिंतींपलीकडून ऐकू आलं नाही तर ओरडून उपयोग काय? खोक्यावरचे आकडेही असेच. एएक्स३००० म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज, तीसुद्धा चॅनलला १६० मेगाहर्ट्झ रुंदी मिळाली तर आणि समोरचं यंत्र तेवढं घेऊ शकलं तर. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. बहुतेक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतात, ही बेरीज त्यांच्या वाट्याला येत नाही. २०० च्या जोडणीला, चार-सहा माणसांच्या घराला, एसी१२०० चा संच पुरतो. वायफाय ६ घ्यावं ते गर्दीसाठी, पाच-पंचवीस यंत्रं एकाच वेळी बोलत असतील तर. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं तर तेव्हा इथे नावच नव्हतं. दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ मोकळं करण्याच्या नियमांचा मसुदा पुढे मे २०२५ मध्ये काढला. आणि पट्टा जितका वरचा तितका तो भिंतीला लवकर हरतो, हे चिऱ्याच्या घरात विसरून चालणार नाही.

दादाने पोर्ट बघून घेतले ही मात्र त्याची हुशारी, किंवा नशीब. मेशच्या संचात बघायची पहिली गोष्ट हीच. टीपी-लिंक कंपनीचे डेको ई४ आणि डेको एम४ हे संच दिसायला भाऊ-भाऊ, दोन्ही एसी१२००, पण ई४ चे पोर्ट १०० चे आणि एम४ चे गिगाबिट. गुगलच्या २०१९ च्या नेस्ट वायफायमधल्या दुय्यम डब्याला तर इथरनेटचं भोकच नव्हतं. त्याला वायर लावायची सोयच नाही. आणि पुढे दिसेल तसं, इथे सगळा खेळ वायरचाच झाला.

तार कुठून जाईल?

पहिल्या रात्री मी डबा उचलून घरभर ठेवून बघितला. ओटीवरून माजघरात जाताना भिंत, माजघरातून स्वयंपाकघरात जाताना भिंत. मग सहज माडीवर, मधल्या खांबाशी ठेवला. खाली माजघरात उणे ५०. खाली-वर करायला मध्ये फक्त फळ्या! स्वयंपाकघरात गेलो तर उणे ६२. हे मला अपेक्षित नव्हतं. वर बघितलं तेव्हा कळलं. स्वयंपाकघराची भिंत कौलांपर्यंत जातच नाही, वाशांच्या खाली दोन-अडीच हात मोकळं आहे. धूर जायला ठेवलेली ती जागा. सिग्नल भिंतीतून येत नव्हता, तिच्यावरून येत होता. ओटीवर उणे ६०. म्हणजे एका डब्यात आख्खं घर झालं. दोन डबे मोकळे राहिले.

सपाट स्लॅबच्या फ्लॅटमध्ये हे चालणार नाही, तिथे नेमकं उलट आहे: आडव्या भिंती विटांच्या आणि पातळ, पण वरचा-खालचा स्लॅब सळ्यांचा. दुमजली बंगल्यात वरच्या मजल्यासाठी वेगळा डबा लागतो तो त्यामुळे. जुन्या कोकणी घरात मात्र माडी म्हणजे तयार मनोरा.

मग ओटीवरून माडीपर्यंत इथरनेट ओढायची का? त्याहून सोपं होतं ओएनटीच माडीवर नेणं. केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. तो आधी म्हणाला, “आतलं काम आमच्याकडे नाही.” चहा झाल्यावर ते त्याच्याकडे आलं. ३०० रुपयांत त्याने बाहेरूनच, पागोळीखालून तार फिरवली आणि माडीच्या झरोक्यातून आत घेतली. लाल दिवा नाही, हिरवा. पण मी ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची ताकद बघितली तर उणे २६. जुन्या जागी उणे १९ होती. अशा ओएनटीला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे आज चालेल आणि पहिल्या जोराच्या पावसात रुसेल. झरोक्याच्या कोपऱ्यात तार खिळ्याला करकचून वळवलेली होती. फायबर करकचून वळवली की कोपऱ्यावर प्रकाश सांडतो. खिळा काढला, वाटीच्या घेराएवढं वळण दिलं, उणे २०. तो पोरगा म्हणाला, “हे कोणी बघत नाही.” खरं आहे.

उरल्या खोल्या. इथे पर्याय तीन होते आणि यावर आम्ही जेवणं लांबवून वाद घातला.

दादाचं म्हणणं, क्याट-सिक्स, म्हणजे तांब्याची इथरनेट केबल, वाडीतून टाकू. ५५ मीटर म्हणजे तिच्या १०० मीटरच्या मर्यादेच्या आत, चालेलच. हिशेबाने बरोबर. पण काका पहिल्यांदाच मध्ये बोलले. चार वर्षांपूर्वी माडावर वीज पडली तेव्हा डिशच्या तारेतून येऊन टीव्ही गेला होता. माड राहिला, टीव्ही गेला. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकणं म्हणजे विजेला वाट करून देणं. कोकणात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात ते धाडस कुणी करू नये. दुसरा पर्याय ५ गिगाहर्ट्झच्या, एकमेकांकडे रोखलेल्या बाहेरच्या अँटेनांचा. ५५ मीटर त्यांना किरकोळ, पण मध्ये वाडी. खांब उभा करून सुपारीच्या वर न्यायचा म्हणजे पुन्हा आभाळातल्या विजेला वाट देणारा खांब झाला. विजेच्या तारांतून नेट नेणाऱ्या अडॅप्टरचा मी विचारही केला नाही, खोल्यांचा मीटर वेगळा आहे.

राहिली फायबर. काच विजेला वाट देत नाही, ओली झाली तरी तिला फरक पडत नाही, आणि केबलवाले घरात आणतात ती काळी ड्रॉप केबल मीटरला काही रुपयांत मिळते. मात्र तिच्यात ताणासाठी पोलादी तार असते. ती विजेला वाट देऊ शकते, म्हणून दोन्ही टोकांना खोलीत शिरण्याआधी ती कापून वेगळी ठेवायची. पोलादाऐवजी प्लास्टिकचा धागा असलेली केबलही मिळते. दापोलीत नव्हती, म्हणून आम्ही कापाकापी केली.

दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचं इथरनेट करणाऱ्या डब्या. इथे दोनदा हात पोळले. पहिल्यांदा दुकानदाराने दोन डब्या दिल्या त्या दोन्ही ‘ए’ होत्या. एकाच काचेतून जा-ये करणाऱ्या या जोडीत एक १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरी उलट. दोन ‘ए’ समोरासमोर ठेवल्या की दोघीही १३१० वर बोलतात आणि दोघींचेही कान १५५० कडे. सकाळभर मी फायबरला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा कनेक्टर. केबलवाल्याच्या पोराने सवयीने हिरवे कनेक्टर जोडले, कारण त्याचं सगळं काम हिरव्यात. कन्व्हर्टरचं तोंड निळं. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतात ते एकमेकांत, पण मध्ये फट राहते. ५५ मीटरवर कदाचित चाललंही असतं, तरी निळे लावून घेतले. पोराने दोन्ही टोकं पुन्हा स्प्लाइस केली, म्हणजे काचेला काच वितळवून जोडली, आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

केबल वाडीतून पीव्हीसी पाइपात नेली. उंदरांसाठी. उंदरांना केबलचं प्लास्टिक का आवडतं हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खोल्यांवर पहिल्या डब्याला कन्व्हर्टरमधून वायर, आणि त्या डब्यातून साध्या वायरने भिंतीपलीकडच्या खोलीत दुसरा डबा. आधी वाडीकडे तोंड करून खिडकीत बसलेला डबा पुढच्या भिंतीवर आला. संच तीनचाच होता, तीनच लागले. फक्त तिघांचीही जागा बदलली.

मांडणीतले बारकावे पटकन. ओएनटी स्वतः राउटर आहे, म्हणून मेशला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारं यंत्र, करून टाकलं. नाहीतर एकामागे एक दोन राउटर बसतात आणि दादाच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी खासगी जोडणी, किरकिरतं. ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद केलं. या रीतीत बऱ्याच संचांची मुलांवर नजर ठेवायची वगैरे सोय जाते. इथे मुलं नाहीत. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, तो खोलीत दाराआड चिकटवलेला. फास्ट रोमिंग, म्हणजे फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय, सुरू केलं तर माजघरातला जुना टीव्ही जोडणीच घेईना, म्हणून बंद. तसंही एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फक्त सुचवतो.

विजेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत ते येत नाही. पावसाळ्यात लाइट दिवसातून तीनदा जाते. घराला इन्व्हर्टर आहे, पण माडीवरचा प्लग त्याच्यावर नव्हता, खोल्यांवर तर इन्व्हर्टरच नाही. माडीवर ओएनटी, डबा आणि कन्व्हर्टर एकत्र आल्यामुळे एका छोट्या डीसी यूपीएसवर तिन्ही बसले. खोल्यांवर दुसरा. धोका एकच: ओएनटी आणि डबे १२ व्होल्टचे, कन्व्हर्टर ५ चा, आणि पिना दिसायला हुबेहूब सारख्या. १२ ची पिन कन्व्हर्टरला लागली की तो संपला. म्हणून ५ व्होल्टच्या पिनेवर लाल टेप गुंडाळली आणि वहिनीला दाखवून ठेवली, कारण मी नसताना हात तिचाच लागणार.

हिशेब असा झाला: फायबर ९००, जोडणीचं काम ६००, कन्व्हर्टरची जोडी १,९००, दोन यूपीएस ३,०००, पाइप आणि क्लिपा ७००, ओएनटी हलवायला ३००. एकूण ७,४००, वर ती दीडशेची वायर. आठ अँटेनावाला याहून महाग होता.

ऑगस्टच्या शेवटी मोजलेलं: माडीवर १९०, स्वयंपाकघरात ७० ते ११०, खोल्यांवर १७० च्या आसपास. राउटरचं पिंग माडीवर २ ते ५. स्वयंपाकघरातला आकडा मला अजून खटकतो. फोडणीच्या वेळी नाही, मायक्रोवेव्ह लागला की २.४ वरचा फोन डळमळतो, कारण तोही त्याच पट्ट्यात चालतो. आत्याचा फोन ५ वर बांधून ठेवायचा प्रयत्न केला. ती फोन घेऊन विहिरीवर गेली की तुटतो, म्हणून सोडून दिला. गोठ्यापर्यंत नेट पोचत नाही. काकांना ते तसंच राहायला हवंय.

एक्स्टेंडर वहिनीच्या माहेरी गेला. तिथे विटांचं घर आहे आणि त्यांनी तो वाटेत मध्ये लावलाय. माडीच्या वाशाला उरलेल्या फायबरचं वीसेक मीटरचं वेटोळं टांगून ठेवलंय, कारण वहिनीचं तिसऱ्या खोलीचं चाललंय.